गोव्यात नर्सिंगची नोकरी करता करता एमपीएच: आधी काय तपासावं आणि प्रबंध कुठे अडतो

प्रश्न असा आहे: "बीएस्सी नर्सिंग झालंय, डिचोली तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात चार वर्षं काम करतेय. पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स, म्हणजे एमपीएच, करायचं मनात आहे. एमपीएचचा उपयोग होईल का, कुठे करावं, आणि बारावीनंतर गणिताला हात लावलेला नाही तर ते झेपेल का?"

कॉलेजांची यादी नंतर बघू. आधी एक काम करा. येत्या दोन-तीन महिन्यांत पेपरात आणि वेबसाइटवर येणाऱ्या दहा-बारा नोकरीच्या जाहिराती जमवा: आरोग्य संचालनालय, राष्ट्रीय आरोग्य अभियान, संशोधन प्रकल्प, स्वयंसेवी संस्था. त्यातली फक्त 'शैक्षणिक पात्रता' ही ओळ वहीत उतरवून घ्या. एमपीएच कुठे चालतं आणि कुठे चालत नाही हे त्या ओळींतून जितकं कळतं, तितकं कुठल्याही माहितीपुस्तिकेतून कळत नाही.

नर्सिंगवाल्यांची गल्लत बहुतेक इथेच होते. नर्सिंग कॉलेजात शिकवायचं असेल तर एमपीएच कामाचं नाही. तिथे एमएस्सी नर्सिंग लागतं, आणि त्यात कम्युनिटी हेल्थ नर्सिंग हा विषय घेता येतो. बांबोळीच्या इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशनकडे आधी चौकशी करा. आयुष्मान आरोग्य मंदिरात (गावपातळीवरच्या आरोग्य केंद्रात) कम्युनिटी हेल्थ ऑफिसर व्हायचं असेल तर त्यासाठी सहा महिन्यांचा कम्युनिटी हेल्थचा सर्टिफिकेट कोर्स आहे, दोन वर्षं घालवायची गरज नाही. एमडी कम्युनिटी मेडिसिन फक्त एमबीबीएस झालेल्यांना, तेही नीट-पीजी देऊन. मग एमपीएच कशासाठी? कार्यक्रमाची आखणी आणि देखरेख, साथरोग सर्वेक्षण, संशोधन प्रकल्पाचं व्यवस्थापन, रुग्णालयातली गुणवत्ता, आरोग्य धोरण. यातली बरीच पदं कंत्राटी असतात, अकरा-अकरा महिन्यांची, आणि प्रकल्प संपला की पद संपतं. हे मान्य असेल तर पुढे जा. तुमच्याकडे केंद्रातली चार वर्षं आहेत, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी रजिस्टर आतून पाहिलेलंही नसतं. हा तुमचा खरा फायदा आहे.

गणिताची भीती लगेच काढून टाकू. एमपीएचमधलं जैवसांख्यिकीचं, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीचं, गणित मुख्यतः बेरीज, भागाकार आणि टक्केवारी असतं. अवघड जातो तो विचार. एक उदाहरण करून बघा. १००० माणसं तपासली, त्यात आजार १०० जणांना आहे. चाचणी आजारी माणसांपैकी ९० टक्के अचूक पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्क्यांना अचूक निरोगी सांगते. म्हणजे आजारी १०० पैकी ९० पॉझिटिव्ह, आणि निरोगी ९०० पैकी चुकून ९० पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १८०, त्यातले खरे आजारी निम्मे. आता तीच चाचणी अशा गावात न्या जिथे १००० मागे फक्त १० आजारी आहेत. खरे पॉझिटिव्ह ९, खोटे ९९. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या १०८ जणांत ९ आजारी, जेमतेम ८ टक्के. चाचणी तीच, निष्कर्ष वेगळा, कारण गाव वेगळं. हे कागदावर स्वतः मांडून समजलं असेल तर गणित झेपेल. सरावाला चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा (आयसीएमआर-एनआयई) 'हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स'सारखा मोफत ऑनलाइन कोर्स करा. सॉफ्टवेअरमध्ये एपी इन्फो आणि आर दोन्ही फुकट मिळतात. आर सुरुवातीला छळतं, पण पुढच्या नोकरीत तेच जास्त चालतं.

आता कुठे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतलं अच्युत मेनन सेंटर हे देशात एमपीएच सुरू करणाऱ्या पहिल्या संस्थांपैकी, १९९७ पासूनचं. तिथलं सत्र जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे जाहिरातीवर आदल्या पावसाळ्यापासूनच लक्ष ठेवावं लागतं. जून-जुलैच्या सत्राच्या नादात ही जाहिरात हातची जाते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत म्हणजे टिसमध्ये आता प्रवेश सीयूईटी-पीजीतून होतो. ती परीक्षा साधारण मार्चमध्ये असते आणि अर्ज हिवाळ्यात भरावे लागतात. त्याशिवाय चेन्नईचं एनआयई, चंडीगडचं पीजीआय, गांधीनगर आणि हैदराबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ (आयआयपीएच). आकडेमोडीची खरोखर आवड लागली तर मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत (आयआयपीएस) जैवसांख्यिकी आणि लोकसंख्याशास्त्राचा एमएस्सी आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम तीच संस्था बघते. घरापासून फार लांब जायचं नसेल तर डिचोलीहून साखळी, केरी, चोर्ला घाट करून बेळगाव, तिथे केएलई विद्यापीठात एमपीएच आहे. कोकण रेल्वेने उडुपीला उतरलं की मणिपाल. खासगी विद्यापीठांची फी सरकारी संस्थांच्या कितीतरी पट असते, आणि ती नुसत्या नावासाठी भरावी असं मला वाटत नाही.

कॉलेजला तीन प्रश्न लेखी विचारा, फोनवर नको. फील्ड पोस्टिंग किती आठवड्यांचं आणि कुठे? एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी? मागच्या दोन तुकड्यांचे प्रबंध ग्रंथालयात बघायला मिळतील का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर नाव कितीही मोठं असो, जपून. दूरशिक्षणाने एमपीएच देणाऱ्यांच्या जाहिराती खूप दिसतील. पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचं आणि त्याच अभ्यासक्रमाचं नाव त्या वर्षासाठी आहे का ते बघा. नुसतं विद्यापीठ मान्यताप्राप्त असून भागत नाही.

परदेशाबद्दल थोडक्यात. ब्रिटनमधलं मास्टर्स साधारण एका वर्षाचं असतं. अमेरिकेत सीईपीएच या संस्थेची मान्यता असलेलं एमपीएच किमान ४२ क्रेडिटचं, म्हणजे बहुधा दोन वर्षांचं. ब्रिटनच्या चिव्हनिंग आणि कॉमनवेल्थ या शिष्यवृत्त्यांना कामाचा अनुभव सांगावा लागतो, आणि तो तुमच्याकडे आहे.

मुलाखतीत आणि हेतुपत्रात 'लोकांची सेवा करायची आहे' असं लिहू नका, ते प्रत्येकाच्या पत्रात असतं. तुमच्या केंद्रातला एक अडलेला प्रश्न आकड्यांसह मांडा. दर महिन्याला जो अहवाल भरून वर जातो त्यातला एक रकाना घ्या, तो वर्षभर वर-खाली का होतो ते स्वतः शोधा आणि एका परिच्छेदात लिहा. गोव्याचा आरोग्य कायदाही वाचून जा: गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक आरोग्य कायदा, १९८५. याच कायद्याखाली १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्हीची लागण आहे म्हणून म्हापशात दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडून ठेवलं होतं. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली, तरी न्यायालयाने ते कलम वैधच ठरवलं. साथ रोखण्याचा अधिकार आणि माणसाचं स्वातंत्र्य यांची सीमा कुठे आखायची, हा प्रश्न पब्लिक हेल्थच्या वर्गात पहिल्या सत्रापासून येतो. गोव्याच्या माणसाला तो घरच्या उदाहरणाने मांडता आला पाहिजे.

आता प्रबंध. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण एमपीएच रखडतं ते बहुतेक इथेच, आणि पुढची नोकरी लागते तीही बऱ्याचदा याच्याच जोरावर. माझं ठाम मत आहे की कॉलेज कुठेही असो, प्रबंध शक्यतो गोव्यात करावा. भाषा येते, केंद्रं माहीत आहेत, आणि विषय भरपूर आहेत. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी अभ्यासात, जो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, मधुमेहाचं प्रमाण सर्वाधिक गोव्यात निघालं: २६.४ टक्के, देशाचं ११.४. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आहेत. हा विषय मोहात पाडतो, पण विद्यार्थ्याने एकट्याने घेऊ नये. रुग्ण थोडे, हंगाम डिसेंबर ते मे एवढाच, आणि एका वर्षी साथ आलीच नाही तर हातात काहीच उरत नाही.

समजा प्रश्न असा घेतला: डिचोली तालुक्यात मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांपैकी किती जणांनी गेल्या १२ महिन्यांत डोळ्याच्या पडद्याची तपासणी करून घेतली? अंदाज २० टक्के धरू, आणि उत्तर ५ टक्के इकडेतिकडे चालेल म्हणू. ३.८४ (९५ टक्के खात्रीसाठी धरायचा आकडा, १.९६ चा वर्ग) गुणिले ०.२० गुणिले ०.८०, त्याला भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे २४६ माणसं. गावं आणि वाडे निवडून घरोघरी गेलात तर एकाच वाड्यातली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून त्या संख्येला दीडने तरी गुणावं लागतं: ३६९. दहा टक्के लोक नकार देतील किंवा भेटणार नाहीत, म्हणून ०.९ ने भागा: ४१०. इथे बरेच जण ३६९ मध्ये दहा टक्के मिळवून ४०६ लिहितात. ४०६ मधले दहा टक्के गेले तर ३६९ उरत नाहीत, परीक्षक हे लगेच पकडतो.

कागदावर ४१० बरं दिसतं. आता चालून बघा. दर दहा प्रौढांत एक जण औषधावर आहे आणि एका घरात तीन प्रौढ आहेत असं धरलं, तर ४१० माणसं मिळवायला सुमारे १३७० घरं फिरावी लागतील. त्यात गोव्यातली बंद घरं: कुणी आखातात, कुणी बोटीवर, कुणाचं घर नुसतं सुट्टीपुरतं उघडणारं. एकट्या विद्यार्थ्याला हे जमत नाही, आणि मग अर्ध्यावर नमुना कमी करून मार्गदर्शकाची सही मागायची वेळ येते. हा हिशेब प्रस्ताव लिहितानाच करायचा असतो.

तुमच्यासाठी वाट सोपी आहे. आरोग्य केंद्रातल्या असंसर्गजन्य आजारांच्या नोंदवहीतून नमुना काढा. यादीतून थेट चिठ्ठ्या टाकून निवड केली तर दीडने गुणायची गरज नाही. नोंदीच ९०० असतील तर, यादीच लहान असल्यामुळे, २४६ चे आणखी कमी होऊन १९४ होतात, आणि दहा टक्क्यांची सोय धरून २१६. दिवसाला आठ मुलाखती धरल्या तर २७ दिवसांचं काम. मात्र मग शीर्षकात 'डिचोली तालुक्यातील मधुमेही' असं लिहायचं नाही, 'आरोग्य केंद्रात नोंद असलेले मधुमेही' असं लिहायचं. खासगी डॉक्टरकडे जाणारे यात नाहीत, हे स्वतःहून मांडलं की परीक्षेत त्यावरून कुणी अडवत नाही. चिठ्ठ्या टाकण्याआधी वही साफ करा. एकच माणूस नावाच्या वेगळ्या स्पेलिंगने दोनदा असतो, कुणी वारलेला असतो, कुणी दुसऱ्या केंद्राकडे गेलेला असतो. साफ न केलेल्या यादीतून चिठ्ठ्या काढल्या तर दोनदा नोंद असलेल्याला निवडून येण्याची संधीही दुप्पट मिळते. आणि एक गोष्ट विसरू नका: ज्या केंद्रात तुम्ही सिस्टर म्हणून ओळखीच्या आहात तिथे पेशंट तुम्हाला बरं वाटेल तेच उत्तर देईल. "तपासणी केली का?" या प्रश्नाला होकार मिळतोच. शक्यतो शेजारचं केंद्र घ्या, नाहीतर मुलाखती दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, आणि होकारानंतर कुठे, कोणत्या महिन्यात, डोळ्यांत थेंब घातले होते का, हे विचारा.

प्रश्नावलीची भाषा हा गोव्यातला खास घोटाळा. डिचोली, सत्तरी, पेडण्यात लोक वाचतात मराठी, बोलतात कोंकणी. सासष्टीत अनेक जण रोमी लिपीतली कोंकणी वाचतात. बांधकामावरच्या मजुरांशी कन्नड किंवा हिंदी लागते. संमतीपत्र वाचायच्या भाषेत आणि मुलाखत बोलायच्या भाषेत, अशी दोन्ही रूपं तयार ठेवा. भाषांतर एकाने करावं, आणि त्याचं पुन्हा मूळ भाषेत उलट भाषांतर मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने. 'मधुमेह' छापा, पण विचारताना 'साखर' आणि 'गोडेंमूत' हे शब्दही कागदावर लिहिलेले असू द्या, म्हणजे प्रत्येक मुलाखत घेणारा आपापले शब्द वापरणार नाही. वीसेक जणांवर चाचणी घेतल्याशिवाय छपाई करू नका.

दारूचा प्रश्न असेल तर आणखी जपा. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची प्रश्नावली 'ड्रिंक' मोजते, म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ४२ टक्क्यांची फेणी ३० मिली घेतली की तेवढं होतं. बियरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत, पाच टक्क्यांची धरली तर, अडीच ड्रिंक होतात. "एकच बाटली" म्हणणाऱ्याचं उत्तर एक असं लिहिलं की सगळं गणित बिघडतं. उर्राक ही काजूचीच दारू, पण फेणीपेक्षा बरीच हलकी, आणि काजूच्या हंगामातच मिळते, त्यामुळे एप्रिलमध्ये विचारलेलं आणि ऑगस्टमध्ये विचारलेलं एकमेकांशी जुळत नाही. ग्लास सोबत न्या आणि पाणी ओतून मिली मोजून घ्या. पर्वरीच्या संगाथ या संस्थेने मानसिक आरोग्य आणि व्यसनांवर गोव्यात १९९६ पासून काम केलं आहे. असा विषय घेणार असाल तर इंटर्नशिपसाठी तिथे आधी विचारा. डासजन्य आजारांसाठी कांपाल, पणजीला राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेचं केंद्र आहे.

वेळापत्रकात गोव्याचं वर्ष धरा. मार्च ते मे सत्तरी-डिचोलीत लोक दिवसा काजूच्या बागेत असतात, तेव्हा संध्याकाळ आणि रविवार. जून ते सप्टेंबर पाऊस. गणेशचवथीच्या आधी आणि नंतरचा आठवडा मुलाखतींसाठी सोडूनच द्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा काळ, आणि त्यासाठी मे-जूनमध्येच नीतिसमितीकडे (एथिक्स कमिटीकडे) प्रस्ताव जायला हवा. कॉलेजच्या नीतिसमितीची मंजुरी, शिवाय सरकारी केंद्रातल्या नोंदी वापरायला आरोग्य संचालनालयाची लेखी परवानगी, अशी दोन वेगळी पत्रं लागतात. गोवा मेडिकल कॉलेजातले पेशंट घेणार असाल तर तिथल्या समितीचीही. मंजुरीच्या तारखेआधी घेतलेली एकही मुलाखत वापरता येत नाही, मागाहून मंजुरी मिळत नसते. परदेशी विद्यापीठात शिकत असाल तरी भारतातल्या समितीची मंजुरी लागतेच. रक्ताचे नमुने बाहेर पाठवायचे असतील तर त्याहून वेगळी प्रक्रिया आहे, मास्टर्सपुरतं त्या वाटेला जाऊ नका.

राहिले पैसे आणि रजा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ७.५ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, त्यावर मागतात. गोव्याच्या रहिवाशांसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आहे. आधी तिचे निकष तुमच्या कोर्ससाठी आणि वयासाठी तपासा. मामलेदार कचेरीतला रहिवासी दाखला लागेल, तो प्रवेशाची वाट न बघता आताच काढून ठेवा. निकाल लागल्यावर आठवड्याभरात पहिला हप्ता भरायचा असतो आणि दाखल्यासाठी खेटे घालत बसायला वेळ नसतो.

रजेबाबत तुमचं पद नियमित आहे की कंत्राटी, यावर सगळं आहे. कंत्राटी असाल तर अभ्यास रजा नाही, राजीनामाच द्यावा लागेल असं धरून चाला आणि दोन वर्षांच्या खर्चाची तजवीज आधी करा. नियमित असाल तर केंद्रीय नागरी सेवा रजा नियम, १९७२ मधली अभ्यास रजा: त्यासाठी किमान पाच वर्षं सेवा लागते, सर्वसाधारणपणे एका वेळी १२ महिने आणि संपूर्ण सेवेत मिळून २४ महिने मिळते, आणि परत येऊन तीन वर्षं सेवा करण्याचा बॉण्ड असतो. तुमची चार वर्षं झाली आहेत, म्हणजे एक वर्ष हाताशी आहे. त्या वर्षात ऑनलाइन कोर्स, जाहिरातींची वही आणि हेतुपत्रातला तो एक परिच्छेद होऊन जाईल. प्रवेश अर्ज भरण्याआधी आपल्या कार्यालयात ना-हरकत पत्राचा अर्ज द्या, आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख मारून घ्या. अनेक संस्था मुलाखतीच्या दिवशी ते पत्र मागतात, आणि नुसतं 'अर्ज केला आहे' म्हणून चालत नाही तिथे निदान ती शिक्क्याची प्रत दाखवून मुदत मागता येते.